खालून उघडणारी बंदूक

आमचे घरमालक खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची ठोकून बघत. आधी पाठ, मग एकेक पाय. खिशात वीतभर दांडीची हातोडी असायची. कान तिरपा करून आवाज ऐकायचे आणि पटला तर बसायचे. नाही पटला तर दुसऱ्या खिशातून खडू काढून खुर्चीवर फुली मारायचे आणि उभ्यानेच चहा प्यायचे. दुर्गजवळच्या बोरसीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा वर्षं भाड्याने काढली. तेवढ्यात आमचा स्टूल, कुकरचं झाकण, पाळण्याचा हूक आणि मुलीची सायकल, सगळ्यांवर फुली पडून गेली. कुकरचं झाकण मी तसंच वापरलं, तर महिनाभर त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. दारातूनच विचारायचे, "शिट्टी झाली काय? मंग येतो."

आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी दुर्ग स्टेशनात गेली होती. गाडी सुटण्याआधी खाली वाकून डब्यांची चाकं हातोडीने ठोकत जायचं आणि आवाजावरून चाक धड आहे की तडकलं आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. धड चाक टणकन वाजतं, तडकलेलं भद्द करतं. भद्द वाजलं की खडूने खूण करायची आणि तो डबा गाडीतून काढायला लावायचा. अशा डब्याला रेल्वेत 'सिक', म्हणजे आजारी, म्हणतात. काका निवृत्त झाले, पण सिक करायची सवय काही निवृत्त झाली नाही. गल्लीतल्या गणपतीला मांडव घातला तेव्हा त्यांनी रात्रभर जागून एकेक खांब ठोकून तपासला आणि अध्यक्षांच्या खुर्चीलाच सिक करून टाकलं. अध्यक्ष चिडले. काका शांतपणे म्हणाले, "खुर्ची सिक हाय, तुमी नाही. तुमाले ठोकून पाह्यलं नाही अजून."

लोक हसायचे. मीही हसायचे, पण एक सांगते, त्या घरात राहताना मला रात्री शांत झोप लागायची. आपल्या वाट्याचं घाबरायला कोणीतरी नेमलेलं आहे असं वाटायचं. मुळात मी भित्री. जिन्यावरून मुलगी धावली तरी मी हातातलं काम टाकून मागे धावते. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, घाबरू नका वहिनी. काकांनी कधीच तसं म्हटलं नाही. ते म्हणायचे, "भेव वाटते नं, पोरी? वाटू दे. भेव आपला ड्युटीवरचा माणूस हाय. तेले घरी पाठवू नको."

एकदा मात्र भीती माझ्या घरात राहायलाच येणार होती, तीही दोन नळ्यांची.

माझे यजमान फौजेतून सुटून आले, काही दिवस स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे लागले, मग ठेका संपला. मग एका सिक्युरिटी कंपनीत गनमॅनची जागा निघाली. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं. अट एकच, लायसन आपलं आणि बंदूकही आपलीच पाहिजे. लायसन मिळालं होतं. बंदूक पंधरा दिवसांत दाखवली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हे खुशीत होते. घरात सहा वर्षांची मुलगी, कपाट एकच आणि त्याचं कुलूप खिळ्यानेही उघडायचं. मी रोज येता-जाता ते कुलूप ओढून बघायचे.

पावर हाउस नावाच्या बाजारात बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. हे मला सोबत घेऊन गेले. भिंतीशी ओळीने बंदुका उभ्या, सगळ्यांच्या चापाभोवतीच्या कड्यांतून एकच साखळी ओवलेली. नव्या बंदुका आमच्या आवाक्याबाहेर होत्या. कोपऱ्यात एक वेगळीच दिसत होती. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन्ही घोडे बाहेर, कान टवकारल्यासारखे. यांनी ती हातात घेतली आणि सवयीने अंगठा वर नेला. दुनळी बंदूक उघडायची चावी, म्हणजे सरकवायचा खटका, वर, अंगठ्याखाली असते म्हणे. इथे अंगठ्याखाली काहीच नव्हतं. फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस, पण त्यांना ती बंदूक उघडेना. इकडून दाबली, तिकडून पिळली. दुकानदार मजेत बघत बसला. मग त्याने बंदूक उलटी केली. चावी खाली होती, चापाच्या कडीला बिलगून बसलेली, लांब, वाकडी. ती बाजूला सरकवली तशी बंदूक मधून मोडल्यासारखी उघडली.

"विलायती है," दुकानदार म्हणाला. "किसी मालगुज़ार के घर की. अब कहाँ बनती है ऐसी."

तिच्यावर नाव नव्हतं, गाव नव्हतं, नंबर तेवढा होता. आमच्या ऐपतीत बसणारी तेवढी एकच. यांनी चारही बाजूंनी फोटो काढले आणि आपल्या जुन्या फौजी मित्रांच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळपर्यंत उत्तरांची रास पडली. कोणी म्हणे इंग्लंडची, कोणी म्हणे बेल्जियमची, एकाने तर छातीठोकपणे मुंगेरची, म्हणजे देशीच, म्हणून सांगितलं. खाली चावी असलेली बंदूक त्यांच्यापैकी एकानेही हातात धरलेली नव्हती, पण कोणी गप्प बसलं नाही. शेवटी एकजण म्हणाला, "जो भी है भाई, दमदार है." यांना तेवढंच ऐकायचं होतं.

काकांनी जिन्यातच हा सगळा प्रकार ऐकला आणि ते वर आले. फोटोकडे बघायलाही तयार नाहीत. "फोटो कायले दाखवतो, जवान? फोटो वाजते काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात. काकांनी हातोडी काढली तसा दुकानदार उठूनच उभा राहिला. काका म्हणाले, "हातोडी नाही मारत, दांडीनं वाजवतो. पर नळी लाकडापासून अलग करके दो. लाकडाले जोडलेली नळी खरं बोलत नाही." दुकानदाराला गंमत वाटली. त्याने नळ्या उतरवून दिल्या. काकांनी खिशातून सुतळी काढली, नळ्यांच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवली आणि एका हाताने जोडी अधांतरी धरली. दुसऱ्या हातातल्या हातोडीच्या लाकडी दांडीने हळूच टोला दिला.

देवळातली घंटा वाजावी तसा आवाज आला. लांब, गोड, संपता संपेना. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं बोलायची थांबली. यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मलाही वाटलं, चला, सुटलो.

काकांनी मात्र कान अजून तिरपाच ठेवला होता.

"लय चांगली वाजली," ते म्हणाले.

"मंग झालं तर, काका," हे म्हणाले.

"झालं नाही बाप्पा. जादा चांगली वाजली. घासून घासून पातळ झालेलं चाक असंच गात राहते. भरल्या लोखंडाचा आवाज आखूड असते."

त्यांनी नळ्या उलट्या केल्या. लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागात काळा रंग घासटून गेला होता. तिथे त्यांनी धोतराच्या सोग्याने जोर देऊन पुसलं आणि मला जवळ बोलावलं. लोखंडात वेणी दिसत होती. खरंच, पोरीच्या केसांची घट्ट घातलेली वेणी असावी तसे पेड, नळीभर गुंडाळत गेलेले.

"पाह्य. ही सलग लोखंडाची नळी नाही. पट्ट्या गुंडाळून, तापवून, ठोकून जोडलेली हाय. हरेक पेडाले एक जोड. एवढ्या जोडांची ग्वाही कोण देईल?" मग दुकानदाराकडे वळून, "क्यों सेठ? कौन से ज़माने की है? सच बोलो, छोटी बच्ची है इनके घर में."

दुकानदाराने आधी साखळी सारखी केली. मग म्हणाला, "काले बारूद के ज़माने की है, बाबूजी. दादा-परदादा के टाइम की. ऊपर से रंग मैंने नहीं चढ़वाया, ऐसी ही आई थी. पर दो कारतूस चलाके देखा है मैंने. कुछ नहीं हुआ."

"काळ्या दारूहून लय जोराचं, आजचं कारतूस?"

"आज का ही."

"दोनदा टिकली म्हणून तिसऱ्यांदा टिकते काय? फुटली तं कुठं फुटन? जिथं जवानाचा डावा हात राहते अन् तोंड राहते, तिथंच."

तेव्हा दुकानदार जे बोलला ते मी विसरले नाही. "अरे बाबूजी, गनमैन को बंदूक चलानी थोड़े पड़ती है. दिखानी पड़ती है."

काकांनी खडू काढला आणि दोन्ही नळ्यांवर मोठी फुली मारली. दुकानदाराने ती बाहीने पुसून टाकली.

बाहेर आल्यावर यांनी रस्त्यातच काकांना सुनावलं. "तुमच्या भेवापायी माही नोकरी गेली. बंदूक म्हणजे रेल्वेचा डबा नाही." आणि एकटेच निघून गेले. काका आणि मी ऑटोत बसलो. मला रडू येत होतं. नोकरी गेल्याचं दुःख आणि बंदूक घरात येणार नाही याचं सुख, दोन्ही एकदमच.

"काका, तुमाले एवढं भेव कावून वाटते?" मी विचारून टाकलं.

काकांनी हातोडी खिशातून काढून मांडीवर घेतली. "एक चाक होतं, पोरी. दुपारची मालगाडी, आधीच लेट. ठोकलं तं ना टण, ना भद्द. मधलंच कायतरी. मी पुन्हा ठोकाले वाकलो, तं वरून फोन, सोडा, सोडा म्हणून. म्या सोडली." ते हातोडीची दांडी चोळत राहिले. "मंग रोज पेपर पाह्यत होतो. कुठं काही झालं नाही. कोणाले काही मालूमच नाही. पर तो डबा गेला कुठं? अजून चालून राहिला असन काय? मले सांग, मी कोणाले विचारू?"

 मला वाटायचं, त्यांनी काहीतरी भयंकर बघितलं असेल म्हणून ते असे झाले. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, आणि तेच त्यांना खात होतं.

यांना पुढे एका गोदामात सुपरवायझरची जागा मिळाली. बंदूक लागत नव्हती, राग ओसरला. पण काकांची गोष्ट तिथे संपली नाही. बंदूक वाजवून पाहिली त्यानंतर आठवड्याने ते पुन्हा त्या दुकानात जाऊन आले आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. पायरी न ठोकता बसले, तेव्हाच मी समजले की काहीतरी बिनसलं आहे.

"विकली त्यानं. कोपरा खाली हाय. कोणाले विकली ते सांगत नाही. फुली पुसली अन् गाडी सोडून देली."

त्या दिवसापासून काका रोज सकाळी बाहेर पडायचे. दुर्ग, पावर हाउस, सुपेला, जिथे म्हणून बँकेच्या दारात बंदूक घेऊन माणूस उभा असेल तिथे जाऊन समोर उभे राहायचे आणि बंदुकीच्या पोटाकडे टक लावून बघायचे. चावी खाली आहे का, एवढंच बघायचं होतं त्यांना. पण म्हातारा माणूस, खिशात हातोडी, नजर बंदुकीवर! एका ठिकाणी गार्डने आरडाओरडा केला, गर्दी जमली, कोणीतरी कॉलर धरली. ठाण्यातून फोन आला तेव्हा हे जाऊन सोडवून घेऊन आले. काकांचा चष्मा फुटला होता. ओठ सुजला होता. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "लोक मारून टाकतीन एखांद्या दिवशी यायले. कोंडून ठेव वं बाई, माहं ऐकत नाहीत."

आणि मी कोंडून ठेवलं. हे लिहिताना लाज वाटते, पण फाटकाला कुलूप मी घातलं आणि हातोडी मीच आमच्या डब्यांमागे लपवली. काका भांडले नाहीत. दोन-तीन दिवसांनी फाटकाशी येऊन म्हणाले, "पोरी, महिन्यातून एक दिवस तं सोडत जा. पेन्शनच्या दिवशी. बँकेत जातो अन् सीधा घरी येतो."

पेन्शन आहे, नाही कसं म्हणायचं? मी सोडत गेले. पहिले एक-दोन महिने ते परतेपर्यंत मी गच्चीवर उभी राहून वाट बघायचे. मग एकदा ते मुलीसाठी जिलबी घेऊन परतले आणि पाटावर, ठोकून न बघता, निवांत बसून जेवले. तेव्हापासून बंदुकीचा विषय त्यांनी काढला नाही. आम्ही म्हटलं, बरे झाले. वेड उतरलं. हातोडीसुद्धा मागितली नाही कधी.

पुढच्या थंडीत काका गेले. सकाळी उठलेच नाहीत. काकू मुलाकडे नागपूरला गेल्या, घर विकायला निघालं आणि आम्हीही दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं. सामान बांधताना डब्यांमागे हातोडी सापडली.

दोन-तीन महिन्यांनी काकूंचा फोन आला. बँकेत पेन्शनचे काही कागद द्यायचे होते, ते माझ्याकडे पाठवत होत्या. काकांच्या त्या बँकेत मी पहिल्यांदाच जात होते. दाराशी पन्नाशीचा एक बारीकसा गार्ड स्टुलावर बसला होता. मांडीवर बंदूक आडवी. दोन घोडे, कान टवकारल्यासारखे. आणि चावी खाली.

 आत माणसांची रांग होती, एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन उभी होती आणि बंदुकीचं तोंड नेमकं भिंतीकडे की त्या बाईकडे ते मला कळेना. मी गार्डजवळ गेले. 

"भैया, ये बंदूक... ये मत चलाना. ये फट जाएगी. मुझे मालूम है."

त्याने चपापून आजूबाजूला पाहिलं. मग माझ्याकडे वाकून अगदी हळू बोलला, "चिल्लाना मत, दीदी. खाली है. साल भर से खाली है."

"तुम्हें किसने बताया?"

"एक बाबूजी आते थे. पेंशन वाले दिन. पहली बार आए तो मैं डर गया, हाथ में सिक्का लेके खड़े थे. फिर कान में सब बता दिए. मैंने कहा, बाबूजी, खेत बेच के बंदूक ले हँव, अब दूसर कहाँ से लानँव? बंदूक नइ रही त नौकरी नइ रही. तो बोले, ठीक है, किसी को नहीं बोलूँगा. मगर भरना मत." तो जरा हसला. "हर महीना आवँय. सिक्का से नली ला ठोंक के सुनँय. फेर कहँय, आज भी मत भरना."

म्हणजे काकांना ती बंदूक सापडली होती. आम्हाला त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर यांनी त्याच्या सिक्युरिटी कंपनीला कळवलं असतं आणि या माणसाची भाकरी गेली असती. आम्ही त्यांना कुलपात ठेवून वेड उतरलं म्हणत होतो, आणि ते जिलबी आणत होते.

"बहुत दिन होगे, आइन नहीं," गार्ड म्हणाला. "बने तो हैं? तबियत ठीक?"

काका गेल्याचं मी सांगितलं. त्याने टोपी काढून मांडीवर, बंदुकीवर ठेवली. मग आत मॅनेजरच्या दाराकडे एक नजर टाकून बोलला. "दीदी, पिछले हफ़्ते दूसरी ब्रांच में चोरी हुई. मैनेजर साहब कल कहिन, बंदूक भर के बैठ. कारतूस जेब में है. सुबह से सोच रहा हूँ." त्याने खिशावर हात ठेवला. "अब कोन कइही मोला, झन भर कइके?" आता 'भरू नको' म्हणून मला कोण सांगणार, असं विचारत होता तो.

पर्समध्ये चिल्लर होती. मी दोन रुपयांचं नाणं काढलं आणि नळीवर हलकेच मारलं. टुक्. बस, एवढंच. ना घंटा, ना भद्द. मला काहीच कळलं नाही, आणि मग लक्षात आलं की काकांनाही कळत नसणार. लाकडाला जोडलेली नळी खरं बोलत नाही, हे त्यांनीच दुकानात सांगितलं होतं. दर महिन्याला ते इथे काही ऐकायला येत नव्हते. फक्त सांगायला येत होते.

"आज भी मत भरना," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. दोन कारतुसं खिशातून काढून रुमालात गुंडाळली आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली. मी आत जाऊन काकूंचे कागद दिले, पोचपावती घेतली. रांगेत उभी असताना सारखी मागे वळून बघत होते. रिकामी बंदूक घेऊन बसलेला माणूस, आणि त्याच्या भरवशावर आतले सगळे. मी केलं ते बरोबर की चूक, मला अजून उलगडलेलं नाही. घरी यांनाही मी सांगितलेलं नाही.

काकूंचं काम त्या एका दिवसात झालं. पुढच्या महिन्यात पेन्शनच्या दिवशी त्या बँकेत माझं काहीच काम नव्हतं. सकाळी स्वयंपाक आटोपला, पर्समध्ये नाणं आहे की नाही ते बघितलं आणि मी गेले.